आजीची गोळी, नातवाचा सिलॅबस: स्मरणशक्तीचं ट्रेनिंग नेमकं काय देतं?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना पुन्हा एकदा नमस्कार, आणि ज्यांना एसटीत, गाडीत किंवा क्लासच्या मागच्या बाकावर आवाज न करता वाचायचंय त्यांना पहिल्यांदा. नेहमीप्रमाणे जे बोललो ते जवळजवळ तसंच इथे उतरवलंय.

आजचा विषय स्मरणशक्ती. फोन उघडला की कुठली ना कुठली जाहिरात दिसतेच. रोज पंधरा मिनिटं गेम खेळा, मेंदू तल्लख करा. तीस दिवसांचा कोर्स करा, वाचलेलं सगळं लक्षात ठेवा. आता एका घरातली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. नातू बावीस वर्षांचा, पोलीस भरती नाहीतर एमपीएससीचा अभ्यास करतोय. काल वाचलेलं आज आठवत नाही म्हणून वैतागलाय. आजी सत्तरीची; बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही, हे दुपारी तिला खात्रीने सांगता येत नाही. दोघंही म्हणतात, "डोकं चालत नाही राव." मग दोघांना एकच ट्रेनिंग चालेल का? चाललं तर फायदा सारखाच होईल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. लक्षात ठेवायच्या युक्त्या तरुणांनाही शिकता येतात आणि म्हाताऱ्या माणसांनाही. तरुणांना त्यातून जास्त मिळतं. पण दोघांचीही 'स्मरणशक्ती' व्यायामाने दंड फुगावा तशी फुगत नाही. दोघांनाही मिळते एक पद्धत, आणि ती ज्या कामासाठी शिकाल त्याच कामाला येते. म्हणून खरा प्रश्न आहे, "मला नेमकं काय लक्षात ठेवायचंय?"

केडगावातलं उदाहरण

केडगाव म्हटलं की कुणाला कांद्याचं मार्केट आठवतं, कुणाला गुऱ्हाळं, कुणाला नारायण महाराजांचं बेट. आणि मुक्ती मिशन तर दौंड तालुक्यात सगळ्यांनाच माहिती. ते उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई यांच्या नावातला 'पंडिता' हा शब्द कुठून आला, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. त्याचा संबंध थेट आजच्या विषयाशी आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईमाणसाने संस्कृत शिकणं लोकांना खपत नव्हतं, त्या काळात त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिलं. कसं? पहाटे, घरकामाचा रगाडा सुरू व्हायच्या आधी, पोरीला झोपेतून उठवून. हातात पुस्तक नाही. आई म्हणायची, लेक मागून म्हणायची. रोज. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते, असा उल्लेख त्यांच्या चरित्रांमध्ये येतो. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. भाऊ श्रीनिवासबरोबर पुराणं सांगत त्या देशभर फिरल्या, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा वय वीस.

आता याला 'दैवी देणगी' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण पद्धतीकडे बघा. ठरलेली वेळ. मोठ्याने म्हणणं. श्लोकाला छंद असतो, त्यामुळे एखादा शब्द चुकला की ओळ तोंडातच अडखळते. आणि रोज आईसमोर म्हणून दाखवायचं, म्हणजे रोज परीक्षा. वेद पाठ करणाऱ्यांनी तर याच्याही पुढे जाऊन शब्द सुलट, उलट, परत सुलट म्हणायच्या जटापाठ, घनपाठ अशा रीती बसवल्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर लगेच कळावं म्हणून. आपल्याकडच्या पावकी, निमकी, दीडकीच्या पाढ्यांमागेही तोच हिशेब होता: चाल, ताल आणि रोजची उजळणी.

याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं केडगावात एक वेगळंच काम केलं. बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं. १९२२ साली त्या गेल्या, तोपर्यंत ते काम चाललं. हे काम नुसत्या पाठांतराचं नव्हतं. त्यात कोश होते, कागद होते, मुक्तीतलाच छापखाना होता, हाताशी बायका-मुली होत्या. म्हणजे पोरवयात डोक्यात साठवणं, आणि उतारवयात डोक्याबाहेरच्या साधनांची जोड घेऊन काम तडीस नेणं.

एका बाईंच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही. पण त्यातून प्रश्न नीट विचारता येतो: विशीत चालणारी युक्ती सत्तरीत तशीच चालते का? यावर गेल्या चाळीसेक वर्षांत बरंच काम झालंय. ते बघूच. आधी 'युक्ती' म्हणजे काय ते बघू, करूनच बघू.

पुणे ते केडगाव: एक प्रयोग

आठवणीचे तीन टप्पे असतात. गोष्ट आत घेणं, ती टिकणं, आणि हवी तेव्हा सापडणं. बहुतेक वेळा घोटाळा पहिल्या किंवा तिसऱ्या टप्प्यात होतो. लक्षच नव्हतं, म्हणून नीट आत गेली नाही. किंवा आत आहे, पण कुठे ठेवली ते सापडत नाही. सगळ्या युक्त्या या दोन ठिकाणी काम करतात: गोष्ट ठसठशीतपणे आत घ्यायची आणि तिला पत्ता द्यायचा.

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे ओळखीच्या जागांची. ग्रीक आणि रोमन वक्ते लांबलचक भाषणं लक्षात ठेवायला ती वापरायचे. आपण पुणे-दौंड गाडी वापरू. पुण्याहून निघालो की हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव. रोजच्या पासवाल्याला हा क्रम झोपेतही येतो. आता बाजाराची यादी घ्या: गूळ, मीठ, काडेपेटी, साबण, चहा, शेंगदाणे, सेल.

हडपसरला प्लॅटफॉर्मवर माणसाएवढी गुळाची ढेप, दारच उघडेना. मांजरीला एक मांजर मिठाच्या पोत्यावर बसून मीठ चाटतंय. लोणीला कुणीतरी काडी ओढली आणि लोण्याचा गोळा वितळायला लागला. उरुळीला सगळा जिना साबणाच्या फेसाने भरलाय, माणसं घसरतायत. यवतला इंजिनातून धुराऐवजी चहाची वाफ. खुटबावला छतावरून शेंगदाण्यांचा पाऊस. आणि केडगावला उतरलात तर अंधार, स्टेशनमास्तर टॉर्चमध्ये सेल शोधतायत.

हसलात ना? तेच हवंय. आता डोळे मिटा आणि केडगावहून हडपसरपर्यंत उलटे जा. बहुतेकांना सातही वस्तू उलट्या क्रमाने सांगता येतील.

ही नुसती करमणूक नाही. २०१७ साली युरोपातल्या एका संशोधनात साध्या तरुणांना ही युक्ती रोज अर्धा तास, चाळीस दिवस शिकवली. आधी त्यांना ७२ शब्दांच्या यादीतले तीसेक किंवा त्याहून कमी शब्द आठवत होते. ट्रेनिंगनंतर सरासरी साठच्या वर गेली. चार महिन्यांनीही बराचसा फायदा टिकून होता.

मग डोकं मोठं झालं का?

इथेच जाहिरातवाले आपल्याला गंडवतात. ७२ शब्दांची यादी आठवली म्हणजे किल्ल्या कुठे ठेवल्या हेही आठवेल, असं नसतं.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला एक प्रसिद्ध प्रयोग १९८० साली छापून आला. एका कॉलेजच्या मुलाला आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते लगेच म्हणून दाखवायचे. सुरुवातीला तुमच्या-आमच्यासारखे सात आकडे. दीड वर्षाहून जास्त काळ, एकूण २३० तासांच्या आसपास सराव केल्यावर तो ७९ आकड्यांपर्यंत गेला! कसं? पोरगा धावपटू होता. आकड्यांचे गट करून त्यांना तो शर्यतीतल्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा: हा मैलाचा चांगला टाइम, तो दहा मैलांचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. किती आठवली? सहाच्या आसपास. पुन्हा पहिल्यासारखाच.

म्हणजे २३० तास घालूनही त्याची 'शक्ती' वाढली नव्हती. आकडे हाताळायची रीत पक्की झाली होती. खो-खो खेळून पोहता येत नाही, तसंच हे.

ब्रेन गेमच्या धंद्याला याच मुद्द्यावर फटका बसला. 'ल्युमॉसिटी' हे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. आपले गेम खेळल्याने शाळेत-कामात सुधारणा होते, वयाबरोबर येणारा विसराळूपणा लांबतो, असे दावे जाहिरातीत केले होते. त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, असं आयोगाचं म्हणणं होतं. गेम खेळू नका असं मी म्हणत नाही. गेम खेळून त्या गेममध्ये हुशार व्हाल, एवढं नक्की. आजीच्या गोळीसाठी किंवा पेपरासाठी वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी मात्र हे आठवा.

तरुण विरुद्ध म्हातारे: बर्लिनमध्ये काय दिसलं?

आता मूळ प्रश्न. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस, राइनहोल्ड क्लीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही जागांची युक्ती तरुणांना आणि ज्येष्ठांना शिकवायला घेतली. आपण स्टेशनं घेतली, त्यांनी बर्लिनमधल्या प्रसिद्ध जागा घेतल्या. दोन गोष्टी दिसल्या, आणि दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली: ज्येष्ठ शिकतात. ट्रेनिंगनंतर त्यांची कामगिरी त्यांच्याच आधीच्या कामगिरीपेक्षा कितीतरी वर गेली. "म्हातारपणी काय नवीन शिकायचंय" हे वाक्य इथे खोटं ठरलं.

दुसरी: तरुण त्याहून जास्त शिकतात. ट्रेनिंगने दोन पिढ्यांमधलं अंतर मिटलं नाही, उलट वाढलं. १९९२ साली छापलेल्या पुढच्या अभ्यासात ३८ सत्रं घेतली. तेवढ्या सरावानंतरही ज्येष्ठांपैकी एकही जण तरुणांच्या सरासरीच्या वर गेला नाही.

असं का? मांजर मिठाच्या पोत्यावर बसवायला वेळ लागतो. चित्र तयार करायचं, ते जागेला चिकटवायचं आणि तेवढ्यात पुढचा शब्द येतो. वयाबरोबर हा वेग कमी होतो, आणि दोन नव्या गोष्टींची गाठ मारणंही जड जातं. जास्त वेळ दिला की ज्येष्ठांचं काम सुधारतं. म्हणून आजीला काही शिकवताना पहिला नियम: घाई नको. फोनवर यूपीआय कसं करायचं हे दहा सेकंदांत चार टॅप करून दाखवायचं आणि मग "अगं, किती वेळा सांगू?" म्हणायचं, यात आजीच्या स्मरणशक्तीची परीक्षा होतच नाही. तुमच्या धीराची होते.

दहा वर्षांनी काय उरलं?

बर्लिनचे प्रयोग लहान गटांवर होते. मोठ्या प्रमाणावर पाहणी केली ती अमेरिकेत, 'अ‍ॅक्टिव्ह' नावाच्या अभ्यासात. पासष्टीच्या पुढची २,८३२ माणसं. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एकाला लक्षात ठेवायच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काच्या रीती, तिसऱ्याला पडद्यावर पटकन ओळखायचा सराव, चौथ्याला काहीच नाही. ट्रेनिंग फक्त दहा सत्रांचं, पाच-सहा आठवड्यांत संपणारं.

२००२ साली पहिले निकाल आले. पटकन ओळखायच्या गटातल्या ८७ टक्के लोकांची, तर्काच्या गटातल्या ७४ टक्के लोकांची त्या त्या कामात ठोस सुधारणा झाली. स्मरणाच्या गटात? २६ टक्के. आणि एका गटाचं ट्रेनिंग दुसऱ्या गटाच्या कामात उपयोगी पडलं नाही. पुन्हा तेच, खो-खो आणि पोहणं.

दहा वर्षांनी, २०१४ साली जे छापून आलं त्यात तर्क आणि वेगाचा फायदा अजून दिसत होता. स्मरणयुक्त्यांचा फायदा परीक्षेत उरला नव्हता. मात्र तिन्ही गटांतल्या लोकांनी रोजची कामं करताना कमी अडचण येते असं सांगितलं. तो फरक लहान होता, पण होता.

हे वाचून निराश होऊ नका, विचार करा. दहा सत्रांत मांजर आणि मीठ शिकलेली पंचाहत्तरीची बाई घरी गेल्यावर ती युक्ती कुठे वापरणार? बाजाराची यादी तर ती कागदावरच लिहिते, आणि ते बरोबरच आहे. न वापरलेली युक्ती गंजते. रमाबाईंचे श्लोक टिकले, कारण ते रोज म्हणावे लागत होते. त्यावरच पोट होतं.

नातवासाठी: वाचू नका, विचारा

आता तुमच्याकडे येतो. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी जागांची युक्ती याद्यांना चांगली: कलमं, अनुसूच्या, नद्यांचा क्रम. पण सिलॅबस म्हणजे नुसती यादी नसते. त्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा एका साध्या गोष्टीचा आहे: स्वतःची परीक्षा घेणं.

२००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर उलटं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

हा आकडा भिंतीवर लावण्यासारखा आहे. कारण पुन्हा पुन्हा वाचलं की "येतंय, येतंय" असं वाटतं. पिवळ्या मार्करने पान रंगवलं की अजूनच वाटतं. तो वाटण्याचा भाग पाच मिनिटांचा. पेपर आठवड्याने, महिन्याने असतो.

करायचं काय? धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, मोठ्याने सांगा किंवा लिहा. अडखळलात ती जागा बघा. तोच धडा उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा न बघता सांगा. एका रात्रीत पाच वेळा करण्यापेक्षा पाच दिवशी एकेकदा केलेलं जास्त टिकतं. ऐकायला कुणी हवंच असेल तर आजीला बसवा. लक्ष्मीबाई लेकीकडून पहाटे म्हणून घ्यायच्या, ते दुसरं काय होतं? आणि अभ्यास करताना फोन दुसऱ्या खोलीत. जे आत गेलंच नाही ते कुठल्याही युक्तीने बाहेर येत नाही.

आजीसाठी: डोक्यावर भार नको, घराला कामाला लावा

आजीचं गणित वेगळं. तिला हरिपाठ तोंडपाठ. यवत-वरवंडला तुकोबांची पालखी आली की एकेक अभंग सहज म्हणते. आणि सकाळची गोळी आठवत नाही. घरातले म्हणतात, "बरं सगळं आठवतं हिला, गोळीच कशी विसरते?" हा टोमणा अन्यायाचा आहे. हरिपाठ हजारो वेळा म्हटलाय, त्याला चाल आहे, एक ओळ पुढची ओढून आणते. गोळी घेणं ही मात्र रोज सारखीच दिसणारी घटना. आजची आणि कालची वेगळी काढायला खूणच नाही. वयाबरोबर जी आठवण आधी कमकुवत होते ती हीच: अमुक गोष्ट कधी, कुठे केली. पाठ झालेलं, अनुभवाचं, शब्दांचं ज्ञान बराच काळ शाबूत राहतं.

आणि एक मजेशीर गोष्ट. ठरलेलं काम ठरलेल्या वेळी आठवून करण्यात प्रयोगशाळेत तरुण पुढे असतात. पण रोजच्या आयुष्यात, ठरलेल्या वेळी फोन करणं असल्या कामांत, ज्येष्ठ बरेचदा तरुणांना मागे टाकतात. कारण ते डोक्यावर विसंबत नाहीत. दिनक्रम ठेवतात, लिहून ठेवतात, वस्तू दाराशी ठेवतात. म्हणजे उतारवयातली सगळ्यात चांगली स्मरणयुक्ती बरेचदा डोक्याबाहेर असते.

त्याच धर्तीवर एक युक्ती शिकवण्यासारखी आहे. नुसतं "गोळी विसरायची नाही" असं ठरवायचं नाही. "सकाळचा चहा ओतला की, कप खाली ठेवायच्या आधी, फडताळातल्या डबीतली गोळी घ्यायची" असं ठरवायचं. आणि दोन-तीन मिनिटं डोळे मिटून ते होताना बघायचं. अमेरिकेतल्या २००४ च्या एका अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांना घरी रोज ठरावीक वेळा रक्तातली साखर तपासायला सांगितली. कधी, कुठे, काय करताना तपासणार याचं चित्र ज्यांनी आधी मनात उभं केलं, त्यांनी इतरांच्या जवळपास दीडपट वेळा तपासणी केली. कारण 'जेव्हा-तेव्हा'ची गाठ बसली की चहाच गोळीची आठवण करून देतो.

पण "घेतली की नाही" या शंकेवर युक्ती पुरत नाही. शंका आली म्हणून दुसरी गोळी घेणं बीपी-शुगरच्या औषधांत धोक्याचं आहे. तिथे वारांचे कप्पे असलेली डबी हवी. मेडिकलमध्ये मिळते. रविवारी नातवाने आजीबरोबर बसून सात कप्पे भरायचे. सोमवारचा कप्पा रिकामा, म्हणजे घेतली. आठवायची गरजच नाही.

डोक्यात ठेवायच्याच गोष्टी असतील, म्हणजे नव्या सुनेच्या माहेरच्यांची नावं किंवा फोनचा पिन, तर तिथे ज्येष्ठांनाही स्वतःची परीक्षा घेणं उपयोगी पडतं, हे अभ्यासांत दिसलंय. एक नाव ऐकलं, लगेच स्वतःशी म्हटलं, मिनिटाने पुन्हा, चहानंतर पुन्हा. फक्त ही परीक्षा आजीने स्वतः घ्यायची. चार पाहुण्यांसमोर "सांग बरं, याचं नाव काय?" असं विचारू नका. घाबरलेल्या माणसाला येत असलेलंही आठवत नाही. आणि "मी आता म्हातारी, मला काय जमणार" हे मनात पक्कं बसलं की माणूस प्रयत्नच सोडतो.

युक्ती पुरत नाही तेव्हा

हे महत्त्वाचं आहे, म्हणून फॉरवर्ड करायचं असेल तर एवढा भाग तरी करा. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, नाव जिभेवर येऊन अडणं आणि तासाने आठवणं, हे वयाबरोबर होतं. पण ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणं, वर्षानुवर्षं केलेला स्वयंपाक किंवा पैशाचा हिशेब न जमणं, स्वभाव एकदम बदलणं, हे 'म्हातारपणच आहे' म्हणून सोडू नका. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी साधारण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, डिमेन्शियाने त्रस्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालाय. गावात त्यातल्या कितीतरी जणांना नुसतं 'चळलंय' म्हणतात.

आणि प्रत्येक विसराळूपणा डिमेन्शियाही नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप, एखाद्या औषधाचा परिणाम, कमी ऐकू येणं, यांनीही माणूस विसरतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. म्हणून आधी डॉक्टर, मग युक्त्या. कुठे जावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७. नंबर सेव्ह करून ठेवा.

पुढच्या काळजीसाठीही एक गोष्ट. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ साली अशी चौदा कारणं मोजली, ज्यांवर आयुष्यभर लक्ष दिलं तर जगातल्या जवळपास ४५ टक्के डिमेन्शियाच्या केसेस टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. त्यात बीपी, शुगर, तंबाखू-सिगारेट, कमी ऐकू येणं, कमी शिक्षण, एकटेपण अशा गोष्टी आहेत. ब्रेन गेम न खेळणं हे त्या यादीत कुठेही नाही. म्हणजे बघा, आजीने वेळेवर घेतलेली बीपीची गोळी हीच तिच्या मेंदूची काळजी आहे.

या आठवड्याचं काम

दोनच गोष्टी करा. एक, आज जे वाचाल त्यातलं एक पान मिटून कुणाला तरी सांगा, आणि पुढच्या आठवड्यात न बघता परत सांगा. दोन, घरात गोळ्या घेणारं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून त्यांना विचारा, "रोज न चुकता काय करता?" चहा, देवपूजा, जनावरांना वैरण, काहीही असेल. गोळी त्या कामाला बांधून द्या आणि कप्प्यांची डबी आणा. खर्च अ‍ॅपच्या सबस्क्रिप्शनपेक्षा कमीच येईल.

काय जमलं, काय नाही ते व्हॉइस नोट करून पाठवा. आजीचा आवाज असेल तर आधी तो ऐकू. भेटू पुढच्या भागात!